आधी परवानगी, मग विषय सोडा

अमेरिकेत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतात, पण मुळाशी गोंधळ एकच असतो. पासपोर्टवर पाच वर्षांचा व्हिसा आहे, मग एका सत्रात एक विषय कमी घेतला तर काय बिघडले? प्रकृती बरी नव्हती हे प्राध्यापकांना ई-मेलने कळवले होते, तेवढे पुरेसे नाही का? फी थकल्यामुळे पोर्टलवरची नोंदणी रद्द दिसते, पण मी रोज वर्गात बसतो, मग मी विद्यार्थी नाही का? या सगळ्यांमागची समजूत अशी की व्हिसा ही एकदाच मिळवायची गोष्ट आहे आणि कॉलेजातली नोंदणी हा त्यानंतरचा निव्वळ शैक्षणिक कारभार. ही समजूत महागात पडते. एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याचे अमेरिकेतले वास्तव्य कॉलेजने सरकारी प्रणालीत केलेल्या नोंदीवर टिकते. ती नोंद बिघडण्याची कारणे तपासली, तर बहुतेक वेळा घेतलेला निर्णय नियमात बसणाराच असतो. चुकलेला असतो तो क्रम. परवानगी घेऊन करायची गोष्ट आधी केली जाते आणि मग कळवली जाते. शिक्षणाविषयीचा प्रत्येक निर्णय नोंदीच्या अंगाने कसा तपासायचा, ते पुढे पाहू.

व्हिसा वेगळा, दर्जा वेगळा

पासपोर्टवरचा व्हिसा अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन प्रवेश मागण्याची मुभा देतो. प्रवेश मिळाल्यानंतर तुम्ही तिथे कोणत्या नात्याने आणि किती काळ राहता, हे ठरवणारी गोष्ट म्हणजे तुमचा विद्यार्थी दर्जा, ज्याला मुले 'स्टेटस' म्हणतात. हा दर्जा 'सेव्हिस' नावाच्या प्रणालीत नोंदलेला असतो. ही प्रणाली २००३ पासून सुरू आहे आणि ती अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याच्या अखत्यारीत चालते. परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची मान्यता असलेल्या प्रत्येक कॉलेजात नेमलेला अधिकारी, म्हणजे डीएसओ, त्यात माहिती भरतो. तुमच्या हातात येणारा आय-२० हा कागद त्याच नोंदीचा उतारा असतो. आपल्याकडे खरेदीखत हाती आले तरी सातबाऱ्यावर फेरफार चढेपर्यंत माणूस स्वस्थ बसत नाही. आय-२० आणि सेव्हिस यांच्याकडे त्याच नजरेने पाहायला हवे.

हा फरक समजला की दोन गोष्टी उलगडतात. शिक्षण चालू असताना व्हिसाची तारीख उलटून गेली, पण नोंद चालू आहे, तर अमेरिकेत राहून शिकायला अडचण नाही. नवा व्हिसा लागतो तो देशाबाहेर जाऊन परत येताना. उलट व्हिसावर आणखी तीन वर्षे शिल्लक आहेत पण नोंद बंद झाली आहे, तर त्या शिक्क्याच्या आधारावर तुम्ही विद्यार्थी म्हणून राहू शकत नाही. मे २०२५ मध्ये भारतातील अमेरिकी दूतावासाने जाहीर इशारा दिला होता की कॉलेज सोडले, वर्ग बुडवले किंवा संस्थेला न कळवता अभ्यासक्रम सोडला, तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढच्या व्हिसाचा मार्गही बंद होऊ शकतो. या इशाऱ्यातले 'संस्थेला न कळवता' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत.

आजवर विद्यार्थ्यांच्या आय-९४ या प्रवेशनोंदीवर ठरावीक तारखेऐवजी 'डी/एस' असे लिहिले जात आले आहे; म्हणजे दर्जा टिकवाल तोवर राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने ही पद्धत बदलून जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक मुदत देण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून दर प्रवेशानंतर आपला आय-९४ ऑनलाइन उघडून त्यावर काय लिहिले आहे ते वाचा आणि त्याची प्रत ठेवा.

मुलाखतीच्या आधीच नोंद सुरू होते

कॉलेजने आय-२० दिला की सेव्हिसमध्ये तुमच्या नावाची नोंद उघडते. तिचा क्रमांक 'एन' या अक्षराने सुरू होतो. याच क्रमांकावर ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क भरायचे असते, आणि व्हिसा अधिकाऱ्याला मुलाखतीच्या वेळी ही नोंद पडद्यावर दिसते. तीन-चार कॉलेजांचे आय-२० हाती असतील, तर शुल्क, अर्ज आणि मुलाखत या तिन्ही ठिकाणी एकाच कॉलेजचा क्रमांक वापरा. शुल्क भरल्यावर कॉलेज बदलले तर तेच शुल्क नव्या क्रमांकाकडे वळवता येते, पण ते विनंती करून वळवावे लागते, आपोआप वळत नाही. व्हिसा मिळाल्यानंतर आणि प्रवासाआधी कॉलेज बदलण्याचा विचार असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही कॉलेजांच्या डीएसओंना आणि दूतावासाला विचारा. पहिल्या प्रवेशाच्या वेळी व्हिसावरचे कॉलेज आणि हातातला आय-२० जुळत नसेल, तर विमानतळावर प्रश्न उभा राहतो.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची एक खास अडचण नावाची आहे. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो, अनेकदा शेवटी आईचे नावही. पासपोर्टवर आडनाव आणि दिलेले नाव असे दोन रकाने असतात. आय-२० वरचे नाव पासपोर्टप्रमाणे असले पाहिजे, गुणपत्रिकेप्रमाणे नव्हे. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींनी तर हे दोनदा तपासावे. आय-२० आल्या दिवशीच नाव, जन्मतारीख, अभ्यासक्रमाचे नाव, पदवीचा स्तर आणि सुरुवातीची तारीख पाहा. चूक असेल तर दुरुस्त प्रत मागा. मुलाखतीत समजावून सांगू, असे म्हणून पुढे जाऊ नका. प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलला असेल, तर नव्या तारखेचा आय-२० घेतल्याशिवाय प्रवास करू नका. सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवसांहून आधी नव्या विद्यार्थ्याला अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, हेही तिकीट काढताना लक्षात ठेवा.

पूर्ण वेळ म्हणजे नेमके किती

पोहोचल्यानंतरचे पहिले काम म्हणजे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात हजेरी लावणे. त्यानंतर दर सत्राच्या सुरुवातीला कॉलेजला ३० दिवसांच्या आत 'हा विद्यार्थी पूर्ण वेळ शिकतो आहे' अशी सेव्हिसमध्ये नोंद करावी लागते. पदवी स्तरावर पूर्ण वेळ म्हणजे सत्राला किमान १२ क्रेडिट. पदव्युत्तर स्तरावर हा आकडा विद्यापीठ ठरवते. अनेक ठिकाणी तो ९ आहे, पण आपल्या विद्यापीठाचा आकडा लेखी पाहून घ्या. पूर्ण ऑनलाइन चालणाऱ्या विषयांपैकी एका सत्रात एकच विषय किंवा तीन क्रेडिट या हिशेबात धरता येतात.

चूक होते ती या हिशेबाच्या कडेवर. एमएस करणारा विद्यार्थी तीन-तीन क्रेडिटचे तीन विषय घेतो. एक जड जातो, ग्रेड खाली येईल या भीतीने पोर्टलवर जाऊन तो 'ड्रॉप' करतो. शैक्षणिकदृष्ट्या हे शहाणपणाचे असेल, कॉलेजच्या नियमातही बसत असेल. पण त्या क्षणी त्याचे क्रेडिट ९ वरून ६ वर येतात आणि पूर्वपरवानगी नसल्यामुळे तो दर्जाचा भंग ठरतो. कमी ग्रेड मिळाल्याने विद्यार्थी दर्जा जात नाही, परवानगीविना विषय सोडल्याने जातो. हे उफराटे वाटेल, पण नियम असाच आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे हुशार मुले ग्रेड वाचवायला जाऊन दर्जा गमावतात. तसेच प्रतीक्षायादीतला विषय हिशेबात धरत नाहीत आणि केवळ श्रोता म्हणून बसलेला वर्गही नाही. फी, लसीकरणाचा दाखला किंवा ग्रंथालयाची थकबाकी यांमुळे लागलेला 'होल्ड' नोंदणीच अडवतो.

तोच निर्णय, दोन क्रम, दोन परिणाम

क्रमाला इतके महत्त्व का, हे एका तुलनेतून स्पष्ट होते. घरी आजारपण आले, म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने सत्र अर्ध्यावर सोडायचे ठरवले. त्याने आधी डीएसओला सांगून मंजुरी घेतली, तर देश सोडायला त्याला १५ दिवस मिळतात आणि नोंदीत 'परवानगीने अभ्यासक्रम सोडला' असे कारण लागते. त्याने आधी विषय सोडले आणि नंतर सांगितले, तर एक दिवसही मिळत नाही आणि कारण लागते ते भंगाचे. आजारपण, विमान, सत्र, सगळे तेच. पुढच्या व्हिसा मुलाखतीत या दोन नोंदींचे वजन मात्र एकसारखे नसते. शिक्षण पूर्ण केलेल्याला ६० दिवस मिळतात. पुष्कळ जण हाच आकडा सगळ्यांना लागू आहे असे धरून चालतात आणि फसतात.

खालील प्रत्येक बाबतीत आधी सेव्हिसमध्ये मंजुरी, मग कृती, हाच क्रम ठेवा:

- आजारपणामुळे कमी विषय: डॉक्टरांचे किंवा परवानाधारक क्लिनिकल मानसशास्त्रज्ञांचे पत्र लागते. अगदी सगळे विषय सोडण्याचीही परवानगी मिळू शकते. एका पदवी-स्तरावर ही सवलत एकूण १२ महिन्यांपर्यंत आहे. नैराश्य किंवा चिंता हीसुद्धा वैद्यकीय कारणे आहेत. ती लपवून परवानगीविना वर्ग बुडवणे हा सर्वांत वाईट पर्याय.
- अभ्यासाच्या सुरुवातीच्या अडचणी: इंग्रजीची अडचण, शिकवण्याच्या अनोळखी पद्धती किंवा चुकीच्या पातळीचा विषय, या कारणांसाठी एका स्तरावर एकदाच सवलत, निम्मे क्रेडिट तरी ठेवावे लागतात आणि पुढच्या सत्रात पूर्ण वेळ परतावे लागते.
- शेवटचे सत्र: पदवीला लागणारे क्रेडिट थोडेच उरले असतील तर कमी विषय चालतात, पण तशी नोंद आधी व्हायला हवी.
- मुदतवाढ: आय-२० वरची शेवटची तारीख उलटण्यापूर्वी मागा. शैक्षणिक किंवा वैद्यकीय कारण चालते. प्रोबेशन किंवा निलंबनामुळे झालेला उशीर एवढे कारण पुरत नाही.
- कॉलेज बदलणे: नवा प्रवेश हाती आल्यावर जुन्या कॉलेजला नोंद 'सोडण्याची' तारीख ठरवायला सांगा. त्या तारखेनंतर जुन्या कॉलेजचा डीएसओ तुमच्यासाठी काही करू शकत नाही. नवे सत्र पाच महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवे.
- काम: अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायच्या इंटर्नशिपला सीपीटीची नोंद आधी, रुजू होणे नंतर. ओपीटीचा, म्हणजे शिक्षणाशी निगडित तात्पुरत्या नोकरीच्या परवानगीचा, अर्ज अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो, पण डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस केल्यापासून ३० दिवसांत तो पोहोचला पाहिजे. पूर्ण वेळ सीपीटी १२ महिने केली तर त्या स्तरावरची ओपीटी जाते.
- पत्ता: इथे पूर्वमंजुरी लागत नाही, पण खोली बदलली की १० दिवसांत कळवा.

पैशांची अडचण या यादीत नाही, हे मुद्दाम पाहा. फी भरता येत नाही म्हणून कमी विषय घेण्याची परवानगी डीएसओ देऊ शकत नाही. म्हणून पैशांचा प्रश्न दिसू लागताच, नोंदणीची मुदत संपण्यापूर्वी, हप्ते किंवा आपत्कालीन मदत यांविषयी कॉलेजशी बोला.

नोंद चालू आहे, मग निर्धास्त राहावे का?

इथे एक आक्षेप येतो. सगळे नोंदीवरच अवलंबून असेल, तर वर्गात जाण्याचे महत्त्व काय? फी घेऊन नोंद चालू ठेवणारे कॉलेज मिळाले की झाले. हा विचार किती धोक्याचा आहे, हे दोन प्रकरणांनी दाखवले. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली विद्यापीठावर छापा पडला. तिथल्या विद्यार्थ्यांत भारतीयांची, विशेषतः आंध्रच्या मुलांची, संख्या फार मोठी होती. काहींच्या पायांना पाळत ठेवणारी यंत्रे बांधली गेली आणि त्यावर भारत सरकारने निषेध नोंदवला. २०१९ मध्ये मिशिगन राज्यातील फार्मिंग्टन विद्यापीठ उजेडात आले. ते तर तपास अधिकाऱ्यांनीच उभारलेले बनावट विद्यापीठ होते. वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत, तरी शेकडो विद्यार्थी नोंदलेले, आणि ताब्यात घेतलेल्यांत जवळपास सगळे भारतीय. त्या मुलांकडे आय-२० होते. त्यांची बाजू अशी की सरकारी यादीत नाव असलेल्या संस्थेवर विश्वास ठेवला. सरकारची बाजू अशी की वर्गच नाहीत हे त्यांना दिसत होते. सापळा लावण्याची ती पद्धत न्याय्य होती का, हा प्रश्न माझ्या मते रास्तच आहे. पण तुमच्यासाठी धडा सरळ आहे: नोंद आणि प्रत्यक्ष शिक्षण, दोन्ही हवे. पहिल्याच दिवसापासून पूर्ण वेळ काम आणि महिन्यातून एखादा वर्ग, असे आमिष दाखवणारी संस्था एजंटने सुचवली, तर तिथली नोंद आज चालू असली तरी उद्या तीच तुमच्याविरुद्धचा पुरावा ठरू शकते.

चूक कॉलेजची असेल तर?

दुसरा आक्षेप अधिक न्याय्य आहे: नोंद कॉलेज करते, मग त्याच्या विसराळूपणाची शिक्षा विद्यार्थ्याला का? खरे सांगायचे तर यंत्रणेची रचनाच अशी आहे की परिणाम विद्यार्थ्यावर आधी कोसळतो आणि जबाबदारी नंतर शोधली जाते. डीएसओ तुमचा वकील नसतो. तो कॉलेजचा माणूस असतो, आणि विद्यार्थ्याने दर्जा मोडल्याचे २१ दिवसांत कळवणे त्याच्यावर बंधनकारक असते. म्हणून त्याच्याशी मोकळेपणाने बोला, पण प्रत्येक मंजुरी ई-मेलवर घ्या. कॉलेजच्या हातून चूक झाली असेल, तर डीएसओ सेव्हिसमध्ये दुरुस्तीची विनंती पाठवू शकतो, आणि तारखेनिशी ई-मेल असेल तर ती विनंती मंजूर होण्याची शक्यता वाढते. १९७४ च्या फर्पा कायद्याने स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क तुम्हाला दिला आहे. मागणीनंतर ४५ दिवसांत कॉलेजने त्या दाखवायच्या असतात.

तिसरा आक्षेप २०२५ च्या वसंतात मोठ्याने विचारला गेला. हजारो विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारने परस्पर बंद केल्या. अनेकांच्या बाबतीत कारण होते ते पोलिसांच्या माहितीसाठ्यात कधीकाळी आलेले नाव, अगदी निकाली निघालेली किरकोळ प्रकरणेही त्यात होती. नियम काटेकोर पाळूनही असे होणार असेल, तर कागद जपून काय उपयोग? उपयोग त्याच घटनेत दिसला. देशभर दावे दाखल झाले, अनेक न्यायाधीशांनी तात्पुरते आदेश दिले, आणि २५ एप्रिलला सरकारी वकिलांनी नोंदी पुन्हा चालू करत असल्याचे न्यायालयात सांगितले. तिथे विद्यार्थ्यांच्या बाजूने उभी राहिली ती साधी गोष्ट: हा मुलगा पूर्ण वेळ शिकत होता, परवानगीविना काम करत नव्हता, आणि ते सिद्ध करणारे कागद त्याच्याकडे होते.

नोंद बंद झाल्याचे कळले तर

पहिली गोष्ट, कारण विचारा. 'टर्मिनेटेड' या शब्दाने हादरून जाऊ नका. परवानगीने शिक्षण सोडलेल्याची किंवा दुसऱ्या प्रकारच्या व्हिसा-दर्जात गेलेल्याची नोंदही तशीच दिसते. कारणाचा संकेत आणि तारीख लेखी घ्या. भंगाचे कारण असेल तर कॅम्पसवरची नोकरीसुद्धा त्याच दिवशी थांबवा, कारण त्यानंतरचे काम बेकायदा ठरते आणि दर्जा परत मिळवण्याची वाट बंद करू शकते.

पुढे दोन मार्ग असतात. एक, अमेरिकेत राहून आय-५३९ या अर्जाने दर्जा परत मागणे. यासाठी सहसा पाच महिन्यांची मर्यादा धरतात, भंग तुमच्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे दाखवावे लागते, आणि निकालाला महिने लागतात. दुसरा, देश सोडून नवा आय-२० आणि नवे सेव्हिस शुल्क भरून परत येणे. हा वेगाने होऊ शकतो, पण त्यात नव्या व्हिसाची किंवा विमानतळावरच्या प्रश्नांची जोखीम आहे, आणि सीपीटी-ओपीटीसाठी लागणारे एक शैक्षणिक वर्ष पुन्हा शून्यापासून मोजले जाते. कोणता मार्ग बरा, हे प्रत्येकाच्या कागदांवर ठरते. हा निर्णय मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घेऊ नका, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा तरी भेटा. अनेक विद्यापीठे यासाठी मोफत किंवा स्वस्त सल्ला उपलब्ध करून देतात.

पालकांनी काय करावे

फी तुम्ही भरता, तरी फर्पा कायद्यामुळे कॉलेज तुम्हाला मुलाची माहिती त्याच्या संमतीशिवाय देणार नाही. जाण्यापूर्वीच मुलाने संमतीपत्र भरावे का, यावर घरात बोलून घ्या. शैक्षणिक कर्ज असेल तर हप्त्याची तारीख आणि कॉलेजच्या नोंदणीची तारीख समोरासमोर ठेवून पाहा. बँक हप्ता सोडण्याआधी नोंदणीचा दाखला मागते आणि कॉलेज फीशिवाय नोंदणी करू देत नाही, अशा कोंडीत पहिले दोन आठवडे सहज निघून जातात. बँकेशी महिनाभर आधी बोलले तर ती टळते. आणि मुलगा किंवा मुलगी आजारी आहे, अभ्यास झेपत नाही असे कळले, तर 'कसेबसे सत्र काढ' म्हणण्याऐवजी 'डीएसओला भेटलास का' हा प्रश्न आधी विचारा.

इतर देशांत

नावे बदलतात, यंत्रणा तीच. ब्रिटनमध्ये विद्यापीठ हेच तुमचे प्रायोजक असते आणि तुम्ही शिक्षण सोडले की त्याला ते गृहखात्याला कळवावे लागते. कॅनडात संस्था विद्यार्थ्यांच्या नोंदणीचा अहवाल ठरावीक काळाने सरकारला देतात, आणि नोव्हेंबर २०२४ पासून संस्था बदलायची तर नवा अभ्यास-परवाना घ्यावा लागतो. आधी ऑनलाइन कळवून भागत असे.

जपायची फाइल

आजवरचे सगळे आय-२० जपा, जुनेही. प्रत्येक सत्राचा नोंदणी-दाखला, अधिकृत गुणपत्रक, फीच्या पावत्या, डीएसओचे ई-मेल, डॉक्टरांची पत्रे, आय-९४ च्या प्रती आणि ओपीटीवर असताना नोकरीची पत्रे एका जागी ठेवा. ओपीटीत एकूण ९० दिवसांहून जास्त बेरोजगार राहता येत नाही, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांच्या वाढीव मुदतीसह १५० दिवस. म्हणून नोकरी सुरू झाल्याची आणि सुटल्याची तारीखही ओपीटीसाठीच्या सरकारी पोर्टलवर वेळेत भरा. सुटीत भारतात येण्यापूर्वी आय-२० वर प्रवासाची सही वर्षभराच्या आतली आहे का ते पाहा, ओपीटीवर असाल तर सहा महिन्यांच्या आतली. मुंबईत व्हिसा नूतनीकरणाची मुलाखत असेल तेव्हा अर्जात विचारलेले असेल की व्हिसाच्या अटी कधी मोडल्या होत्या का. एखाद्या सत्रात कमी विषय होते, पण परवानगी आधी घेतली होती, तर तारखेची ती प्रत सोबत ठेवा आणि विचारल्यास दाखवा.